जाम इंजिनाची जुनी मोटारसायकल पुन्हा चालू करताना: खान्देशातून सारखे येणारे प्रश्न

दरवर्षी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास माझा फोन वाजायला लागतो. सुरत-पुण्याला कामाला गेलेली पोरं गावी येतात, खळ्यात चाऱ्याच्या पेंढ्यांमागं आजोबांची राजदूत नाहीतर काकांची येझदी दिसते, कोणीतरी जोरात किक मारून बघतं आणि किक दगडासारखी उभी राहते. मग फोन. मी मेकॅनिक नाही. वडील दूध घालायचे ती राजदूत मी स्वतः उघडली, बिघडवली, परत उघडली आणि शेवटी चालवली. त्यानंतर नात्यातल्या, गावातल्या गाड्या हाताखालून गेल्या. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली.

किक जागची हलत नाही. इंजिन जाम झालं असंच समजायचं ना?

नाही. आधी खात्री करा. निम्म्या वेळा इंजिन बिचारं निर्दोष असतं.

गाडी न्यूट्रलला टाका आणि ढकलून बघा. न्यूट्रलला असूनही मागचं चाक फिरत नसेल, तर ब्रेकचे शू ड्रमला चिकटलेत किंवा चेन गंजून काठीसारखी ताठ झालीय. एरंडोलकडच्या एका भावानं मला "इंजिन पूर्ण जाम" म्हणून बोलावलं होतं. चेन काढली, मागचं चाक खोललं, ड्रमवर लाकडाचे दोन ठोके घातले, गाडी मोकळी. चहा प्यायलो आणि परत आलो.

चाक फिरतं पण किक बसत नसेल तर प्लग काढा. टाकीतून गळालेलं पेट्रोल किंवा छपरातून ठिबकलेलं पाणी सिलेंडरमध्ये साचलं असेल, तर पिस्टनला वर जायला जागाच नसते. ते दाबलं जात नाही, म्हणून किक अडते. प्लग काढून हळू फिरवलं की ते पिचकारीसारखं बाहेर येतं. तोंड बाजूला ठेवा.

तरीही हलत नसेल तर मॅग्नेटचं (क्रँकच्या टोकावरच्या, वीज बनवणाऱ्या चाकाचं) कव्हर काढा आणि मधल्या नटाला गोटी पाना लावून क्रँक, म्हणजे पिस्टननं फिरणारा दांडा, सरळ फिरवून बघा. क्रँक फिरते पण किक फिरत नाही, म्हणजे घोटाळा किकच्या शाफ्टमध्ये किंवा गिअरबॉक्समध्ये आहे. क्रँकही फिरत नाही, तेव्हाच इंजिन जाम म्हणायचं.

टॉप गिअरला टाकून धक्का मारला तर सुटेल का? आमच्याकडे चार जण आहेत.

चार जण आहेत हाच धोका आहे. कोरड्या, गंजलेल्या पिस्टनला जबरदस्ती केली तर त्यावरच्या रिंगा तुटतात, तुकडे पोर्टमध्ये (सिलेंडरच्या भिंतीतल्या हवा-धुराच्या भोकांत) अडकतात, ब्लॉकला, म्हणजे सिलेंडरला, ओरखडे जातात. मी पहिल्या वेळी किकवर उभं राहून उडी मारली होती. पिस्टन जागचा हलला नाही, किकचा शाफ्ट मात्र पिळला गेला. तो बदलायला अख्खं इंजिन दोन फाक करावं लागलं. पंधरा दिवस तेल घालून वाट बघितली असती, तर ते काम वाढलंच नसतं.

तेल मुरल्यावर टॉप गिअरला टाकून गाडी हातानं पुढंमागं डोलवायची, ती पद्धत बरोबर आहे. डोलवायची, ढकलायची नाही.

नक्की काय चिकटलेलं असतं आत?

दोन प्रकार असतात आणि दोन्हींचा उपाय वेगळा.

एक, उभी राहून जाम झालेली. पिस्टन ॲल्युमिनियमचा, ब्लॉक बिडाचा किंवा आत बिडाची स्लीव्ह असलेला. पावसाळ्यातली दमट हवा सायलेन्सरमधून उघड्या पोर्टवाटे आत जाते, बिडाला गंज चढतो आणि रिंगा त्या गंजात रुतून बसतात. हा जाम बहुतेक वेळा सुटतो.

दुसरा, चालता चालता जाम झालेली. मे महिन्यात डबलसीट, वर खताची गोणी, टाकीत ऑइल कमी, आणि गाडी एकदम "खर्र" करून मागचं चाक घासत थांबली. इथं पिस्टनचं ॲल्युमिनियम तापून ब्लॉकच्या भिंतीवर लेपासारखं बसलेलं असतं. अशी गाडी कधी कधी गार झाल्यावर सुटते आणि मालक तशीच घरी आणून कोपऱ्यात लावतो. पुढची वीस वर्षं गंज आपलं काम करतो. म्हणजे दोन्ही प्रकार एकाच गाडीत.

म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, "आबा, ही शेवटची बंद पडली तेव्हा काय झालं होतं?" त्या उत्तरात अर्धं निदान असतं. "चालू होती, नवी हिरो होंडा घेतली म्हणून लावून ठेवली" आणि "चोपड्याच्या रस्त्यावर अचानक अडकली" या दोन गाड्यांचा खर्च सारखा नसतो.

हेड न उघडता आतलं काही दिसतं का?

टू-स्ट्रोकला (राजदूत, येझदी, आरएक्स) दिसतं, आणि हे फार लोक करत नाहीत. सायलेन्सर काढा. एक्झॉस्ट पोर्टमधून बॅटरी मारली की पिस्टनची बाजू दिसते, नशीब असेल तर रिंगाही दिसतात. लाल गंज दिसला तर पहिला प्रकार. चकचकीत उभे ओरखडे दिसले तर दुसरा.

सायलेन्सर काढताना सावध. कुंभारमाशीनं मातीचं घरटं केलेलं असतं. एअर फिल्टरच्या डब्यात तर मला एकदा ओंजळभर कापूस आणि सरकी सापडली. उंदरांनी कपाशीच्या ढिगातून आणून संसार थाटला होता. कार्बोरेटरच्या तोंडातही बघा. यातला कापसाचा एक पुंजका आत गेला तरी नव्या पिस्टनचं वाटोळं होतं.

कोणतं तेल ओतायचं? डिझेल, रॉकेल, गंज सोडवायचा स्प्रे, कोल्ड्रिंक... जो तो वेगळं सांगतो.

पॉवर स्टीअरिंगमध्ये घालतात ते लाल ऑइल, म्हणजे एटीएफ, आणि ॲसिटोन निम्मं निम्मं. माझ्या अनुभवात यापेक्षा चांगलं काही नाही. ॲसिटोन पातळ असल्यानं फटीत शिरतं आणि उडून जातं, ऑइल आत राहतं. दोन्ही एकजीव होत नाहीत, म्हणून ओतण्याआधी बाटली हलवायची. ॲसिटोन मिळालं नाही तर डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं निम्मं चालतं, फक्त दिवस जास्त लागतात.

कोल्ड्रिंकमध्ये सौम्य ॲसिड असतं, गंजाला थोडं लागतं, पण साखर चिकटून बसते आणि पाणी आत जातं. गंजलेल्या इंजिनात पाणी ओतायचं, हे माझ्या तरी डोक्यात बसत नाही.

पद्धत अशी. प्लगच्या भोकातून पन्नास-साठ मिलिलिटर घाला. टू-स्ट्रोकचे पोर्ट उघडे असतील तर ते खाली क्रँककेसमध्ये उतरतं, घाबरू नका, नंतर काढता येतं. पण पिस्टनभोवती टिकावं म्हणून गाडी आज डाव्या अंगावर, उद्या उजव्या अंगावर झुकवून भिंतीला टेकवा. एक्झॉस्ट पोर्टमधूनही सिरिंजनं रिंगांवर मारा. गुरांच्या डॉक्टरकडची मोठी सिरिंज या कामाला झकास. रोज सकाळी थोडं नवीन घाला आणि मॅग्नेटच्या नटावर पाना ठेवून दोन्हीकडं हलका ताण द्या. ताण, झटका नाही.

आठ दिवस किमान. माझ्या राजदूतला एकोणीस दिवस लागले. रोज संध्याकाळी आई विचारायची, "हालनी का रे?" आणि मी नाही म्हणायचो. विसाव्या दिवशी नट पान्यासोबत केसभर सरकला. तेवढा सरकला की जिंकलात, पण त्या आनंदात लगेच गरगर फिरवू नका. परत तेल, परत पुढंमागं केसभर, मग दोन केस. गंजाचा चुरा तेलात सुटत जातो आणि वाट मोकळी होते.

तीन आठवडे झाले, काही उपयोग नाही. आता?

आता हेड उतरवा. हेडचे नट एकदम एकेक पूर्ण सोडू नका, आडवे-उभे पाव-पाव आटा सोडत जा, नाहीतर हेड वाकतं. नट गंजले असतील तर त्यांनाही आदल्या रात्री तेल पाजा. स्टड तुटला की काम तिप्पट होतं.

हेड निघालं की पिस्टन कुठं थांबलाय ते बघा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. पिस्टन मधे असेल तर वर बाभळीच्या किंवा सागाच्या लाकडाचा गोल ठोकळा ठेवून हातोडीनं ठोकता येतं. ठोकळा बोअरपेक्षा (सिलेंडरच्या आतल्या भोकापेक्षा) किंचित लहान, कडा भिंतीला न लागणारा. ठोक्याचा जोर कनेक्टिंग रॉडमधून जाऊन क्रँकला फिरवतो. पण पिस्टन अगदी वर किंवा अगदी तळाला असेल तर रॉड सरळ उभा असतो. तेव्हा ठोका क्रँकला फिरवत नाही, थेट बेअरिंगवर बसतो. तेव्हा ठोकायचं नाही, क्रँकच्या बाजूनंच प्रयत्न करायचा. आणि पिस्टनवर थेट लोखंड कधीही नाही.

गरमी हा दुसरा उपाय. तेवढ्याच तापमानाला ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. म्हणजे सगळं इंजिन तापवलं तर पिस्टनच जास्त फुगून आणखी घट्ट बसेल. म्हणून बाहेरून ब्लॉक चटकन तापवायचा, आतला पिस्टन अजून गार असतानाच हलवून बघायचं. नाही हलला तर पूर्ण गार होऊ द्यायचं आणि परत. दोन धातू वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात-आकसतात, त्या ओढाताणीत गंजाची पकड तुटते. तीन-चार फेऱ्या लागतात. हीट गन वापरा. ज्या ब्लॉकमध्ये तुम्ही ॲसिटोन आणि डिझेल ओतलंय तिथं गॅसची ज्वाला न्यायची नाही. टाकी आधीच उतरवून दूर ठेवा, शक्यतो दुसऱ्या खोलीत.

ग्रीस गनची युक्ती खरी आहे का?

खरी आहे आणि बुलेटवर उत्तम चालते. जुन्या प्लगची चिनीमाती फोडून काढायची, लोखंडी भागात ग्रीसचा निप्पल वेल्ड करून घ्यायचा आणि तो प्लगच्या जागी बसवून ग्रीस भरत जायचं. हातातल्या ग्रीस गनचा दाब इतका असतो की पिस्टन मुकाट्यानं खाली सरकतो. दोन्ही व्हॉल्व्ह बंद हवेत, म्हणून पुशरॉड आधी काढा. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टननं सगळे पोर्ट झाकले असतील तरच जमतं, नाहीतर ग्रीस सायलेन्सरच्या तोंडातून अंगणात. नंतर ते अर्धा किलो ग्रीस साफ करायला एक पूर्ण रविवार धरा.

सुटलं! आता पेट्रोल टाकून चालू करू का?

मोह होतो, मला माहीत आहे. नका करू.

इंजिन सुटलं म्हणजे दार उघडलं, एवढंच. बोअरमध्ये गंजाचे खड्डे असतात, क्रँकच्या बेअरिंगमध्ये गंजाचा चुरा असतो, ऑइल सील वाळून कडक झालेले असतात. चालू होईलही. अंगणात आवाज ऐकून म्हातारे डोळे पुसतील. मग पाच-दहा किलोमीटरवर परत जाम, आणि या वेळी कनेक्टिंग रॉडसकट. उघडा.

ब्लॉक उघडल्यावर काय तपासायचं?

पहिली गोष्ट, क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबा. मी कोंबलं नव्हतं आणि पिस्टन पिनची सर्क्लिप (पिन जागेवर धरणारी तारेची कडी) चिमट्यातून उडाली. "टिंग" असा आवाज आला आणि ती बरोबर आत गेली. चुंबक, तार, गाडी उलटी, सगळं करून झालं. शेवटी इंजिन फोडावं लागलं. सर्क्लिप नेहमी नवीनच घालायची, जुनी सरळ करून परत नाही.

कनेक्टिंग रॉड सरळ वर धरून वर-खाली हलवा. बाजूला थोडा हलला तर चालतं, वर-खाली जरा जरी "टक" झाला तर बिग एंड (रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) गेलं. क्रँक फिरवताना वाळूसारखी खरखर जाणवली तर मेन बेअरिंग. यातलं काहीही असलं तर क्रँक प्रेसवर दाबून नवीन रॉड-पिन टाकायला द्यावी लागते. हे घरी करायचं काम नाही.

जुना पिस्टन मात्र फेकू नका. त्याला वाचा. चारी बाजूंना सारखे चार ओरखडे असतील तर गाडी गार असतानाच जोरात पळवली होती किंवा बोअर फार घट्ट होता. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला लेप असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त पडत होती. इनटेकच्या बाजूला बारीक खरवड असेल तर धूळ आत जात होती. वरच्या टोपीला भोक असेल तर ठिणगीचं टायमिंग चुकलंय किंवा प्लग चुकीचा आहे. कारण सापडलं नाही तर नवा पिस्टनही त्याच वाटेनं जातो. मी एका येझदीचा बोअर दोनदा करून दिला होता. दोष बोअरचा नव्हता, मॅग्नेटच्या बाजूचा चाळीस रुपयांचा सील हवा ओढत होता.

तो सील गळतो हे कसं कळणार?

दवाखान्यात रक्तदाब मोजतात त्या जुन्या यंत्राचा फुगा आणि काटा घ्या. त्याचा काटा 300 मिलिमीटरपर्यंत जातो, म्हणजे साधारण 6 पीएसआय, आणि टू-स्ट्रोकच्या गळती तपासणीला नेमका एवढाच दाब लागतो. एक्झॉस्ट आणि इनटेक ही दोन्ही तोंडं टायरच्या ट्यूबच्या रबराच्या तुकड्यानं आणि पट्टीनं बंद करा, प्लगच्या भोकातून हवा भरा, थांबा. पाच-सहा मिनिटं काटा जवळजवळ जागेवर राहिला पाहिजे. भराभर उतरला तर सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे जिथं येतील तिथं चोर.

आमच्या गावच्या डॉक्टरांनी जुनं यंत्र देताना विचारलं, "कोणाचं बीपी वाढलंय?" मी म्हटलं, राजदूतचं.

बोअरिंग कुठं करायचं? जळगावला, धुळ्याला की थेट पुण्याला?

पुण्याला जायची काही गरज नाही. आपल्याकडं शेतीच्या डिझेल इंजिनांना पिढ्यान्‌पिढ्या बोअरिंग करणारे लेथवाले आहेत. जळगाव, धुळे, भुसावळ, मालेगाव, कुठंही चांगला हात सापडतो. फक्त दोन गोष्टी सांभाळा.

पिस्टन आधी विकत घ्या, मग ब्लॉक द्या. आरएक्स 100 चा मूळ बोअर 50 मिलिमीटर. त्याचे ओव्हरसाइज पिस्टन 0.25 नं वाढत जातात. बुलेट 350 चा बोअर 70, येझदी 250 चा 65. प्रत्येक पिस्टन शतांश मिलिमीटरनं वेगळा असतो आणि बोअर त्या पिस्टनच्या मापानं कापायचा असतो. माझा एक ब्लॉक पिस्टन न बघताच "नेहमीच्या मापानं" कापून मिळाला. पिस्टन आत टाकला तर खुळखुळ वाजत होता. परत पुढच्या साइजला गेलो, म्हणजे ब्लॉकचं एक आयुष्य फुकट गेलं.

दुसरी, टू-स्ट्रोकचा बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा सुरीसारख्या धारदार होतात. त्यांना हलका उतार द्यायला सांगा. डिझेल इंजिनाची सवय असलेला माणूस हे विसरतो, कारण त्या इंजिनाच्या भिंतीला पोर्टच नसतात. धार तशीच राहिली तर रिंग तिथं अडकून तुटते.

ब्लॉक घरी आल्यावर गरम पाणी आणि साबणानं घासा, पांढरं फडकं फिरवा. फडकं काळं येणं बंद होईपर्यंत. मग लगेच ऑइल. रिंग नुसती बोअरमध्ये ढकलून तिच्या टोकांमधली फट फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. ढोबळ हिशोब, दर 25 मिलिमीटर बोअरला 0.1 मिलिमीटर. टू-स्ट्रोकमध्ये रिंगेचं तोंड पिस्टनच्या खाचेतल्या पिनवर बसलंय ना, हे ब्लॉक खाली सरकवताना बोटानं चाचपत राहा.

स्पेअर पार्ट मिळतात का?

बुलेटचे हवे तितके. आरएक्सचे मिळतात, पण नकली माल भरपूर. येझदीचा म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद झाला, तरी हौशी लोकांमुळं बहुतेक पार्ट नव्यानं बनतात. राजदूतला शोधावं लागतं. तालुक्याच्या गावातल्या जुन्या ऑटो पार्टवाल्याकडं जा आणि वरच्या फळीवरचे धुळीचे डबे उतरवायला सांगा. तिथं कधी कधी कंपनीच्या कागदात गुंडाळलेला पिस्टन निघतो. जुना पार्ट हातात घेऊन जायचा, तोंडी नाव सांगून नाही.

टाकीत गंज आहे. ॲसिड टाकू का?

संडास साफ करायचं ॲसिड नको, पत्रा खातं. मळी (मोलॅसिस) आणा. ऊस-गुळाकडच्या लोकांना विचारा, नाहीतर पशुखाद्यवाल्याकडं मिळते. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, टाकी काठोकाठ भरून दोन आठवडे सावलीत. गंज जातो, चांगला पत्रा शाबूत राहतो. वास भयंकर, घरच्यांना आधी सांगून ठेवा. घाई असेल तर लिंबूसत्व गरम पाण्यात, एक रात्र, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवायचं. दोन्ही पद्धतींत शेवटी टाकी कडकडीत वाळवून आत लगेच थोडं टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल फिरवा. आपल्या एप्रिलच्या उन्हात वाळवायला एक दुपार पुरे. खान्देशच्या उन्हाचा एवढा तरी उपयोग.

आताच्या पेट्रोलनं जुन्या गाडीला त्रास होतो का?

पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या काळचं रबर त्याला टिकत नाही. म्हणून पेट्रोलचा पाइप, कॉकचे वायसर, कार्बोरेटरच्या सुईचं टोक, सगळं नवीन टाका. इथेनॉलमुळं मिश्रणात हवेचं प्रमाण किंचित वाढतं, त्यामुळं मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) एक नंबर मोठा लागू शकतो. प्लगचा रंग बघून ठरवा. आणि गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत चालवा.

ऑइल किती मिसळायचं?

नव्या बोअरला पहिल्या 500 किलोमीटरला एका लिटरला 50 मिलि, म्हणजे 1:20. नंतर चांगलं टूटी ऑइल असेल तर 40 मिलि. डब्यात आधी मिसळून मगच टाकीत. आरएक्सला ऑइलचा वेगळा पंप असतो, पण इंजिन उघडल्यावर त्याच्या नळीत हवा राहते. हवा काढा आणि पहिली टाकी तरी पेट्रोलमध्येही ऑइल मिसळूनच चालवा.

पहिल्यांदा चालू केल्यावर काय पथ्य?

चालू करा, ब्लॉक हाताला चांगला गरम लागला की बंद. पूर्ण गार. परत. असं तीनदा. त्या दिवशी एवढंच, मग कितीही मन होवो.

नंतर 500 किलोमीटर निम्म्याच्या वर थ्रॉटल नाही, एकाच वेगात लांब पळवणं नाही, वरच्या गिअरला कण्हत चढवणं तर मुळीच नाही. औट्रम घाट आणि तोरणमाळ या 500 मध्ये येत नाहीत. उन्हाळा असेल तर सकाळी सहा ते नऊ. आपल्याकडं पारा 44-45 ला जातो तेव्हा हवेवर गार होणारं इंजिन दुपारच्या हवेत कसं गार राहणार? ब्लॉकच्या पंखांमधली काळी माती आधी काढून टाका, ती वाळली की गोधडीसारखी गरमी धरून ठेवते.

आणखी एक. पेट्रोलमध्ये ऑइल असलेल्या गाडीला उतारावर थ्रॉटल बंद करून गिअरमध्ये सोडलं की पेट्रोलही बंद आणि ऑइलही बंद, पिस्टन मात्र पळतच असतो. मधून मधून थ्रॉटल द्या किंवा क्लच दाबा. घाट उतरून खाली सपाटीला आल्यावर गाड्या जाम होतात त्यामागं बरेचदा हेच असतं.

डावा हात क्लचवर, दोन बोटं कायम. आवाज जड झाला किंवा वेग आपोआप पडला की आधी क्लच, मग विचार.

गाडी आजोबांच्या नावावर आहे, आजोबा नाहीत. कागदाचं काय?

इंजिनाला हात लावण्याआधी हे बघा, नंतर नाही. आरसी बुक शोधा आणि चासी नंबर, इंजिन नंबर त्याच्याशी जुळवा. नंबरवरचा गंज ब्रशनं आणि रॉकेलनं काढा, ग्राइंडर लावू नका. पुसलेला नंबर म्हणजे कायमची कटकट.

मालक वारले असतील तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म 31, विकत घेतली असेल तर 29 आणि 30, आरसी हरवली असेल तर 26. नोंदणी पहिल्यांदा 15 वर्षांची असते, नंतर 5-5 वर्षांची, त्याला फॉर्म 25. पर्यावरण कर, विमा आणि पीयूसी वेगळं. जळगावची गाडी एमएच-19, धुळ्याची 18, नंदुरबारची 39. त्याआधीचे तीन अक्षरी नंबर असलेल्या गाड्यांची जुनी नोंद कार्यालयात चढलेली आहे का, हे आधी जाऊन विचारा. एक फेरी वाढते, पण पुढच्या दहा वाचतात.

50 वर्षांवरच्या आणि मूळ रूपातल्या गाडीला 2021 च्या नियमानं विंटेज नोंदणी मिळते. पण तशी गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही. दूध घालायला जाणार असाल तर साधी नोंदणीच बरी.

एकूण खर्च किती?

आकडा विचारू नका, क्रम सांगतो. सगळ्यात महाग क्रँक, मग क्रोम आणि रंग, मग टायर-ट्यूब-आऱ्या, मग बोअर-पिस्टन. लोक उलटं करतात, आधी रंग मारतात. रंगवलेली गाडी परत खोलताना प्रत्येक पान्याचा ओरखडा काळजावर उमटतो. माझ्या राजदूतला अजून रंग दिलेला नाही. टाकीवर वडिलांच्या दुधाच्या कॅनच्या साखळीनं घासलेला पट्टा आहे, तो तसाच ठेवायचं ठरवलंय.

भंगारवाला चांगला भाव देतोय. देऊन टाकू का?

आरसी नाही, चासी सडलेली, नंबर वाचता येत नाही, अशी असेल तर द्या. नाहीतर आधी प्लगमधून पन्नास मिलि तेल घाला आणि मला आठ दिवसांनी फोन करा. भंगारवाला कुठं पळून जात नाही.